गोडो इंजिनवर पहिला गेम: एका हिशेबनिसाचा अभिप्राय

मी हिशेबनीस आहे. 17 वर्षं खाती, पावत्या आणि एक्सेल यांत काढलीत. या कामात चूक झाली तर ती त्या क्षणी कळत नाही. एखादी रक्कम भलत्याच खात्यात पडते, महिने उलटतात, आणि वर्षअखेर ताळेबंद जुळेना की मग तिचा माग काढत मागे मागे जावं लागतं. म्हणून वयाच्या 43व्या वर्षी गेम प्रोग्रामिंग शिकायचं ठरवलं तेव्हा साधन निवडताना मी एकच गोष्ट पाहिली. मी चूक केल्यापासून ती मला दिसेपर्यंत किती वेळ जाणार? ग्राफिक्स किती देखणे होतात, मोठ्या कंपन्या काय वापरतात, हे प्रश्न नवशिक्याच्या कामाचे नाहीत असं माझं ठाम मत आहे. आठ महिने रोज रात्री तासभर गोडो इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, वापरलं, त्यावरून हे लिहितेय.

ओळख थोडक्यात. हुआन लिनिएत्स्की आणि एरिएल मान्झूर या अर्जेंटिनातल्या दोघांनी गोडो बनवलं आणि 2014 मध्ये एमआयटी परवान्याखाली सगळ्यांसाठी खुलं केलं. म्हणजे वापरायला फुकट, त्यावर केलेला गेम विकला तरी कुणाला हिस्सा द्यायचा नाही, आणि हवा तर आतला कोडही उघडून वाचता येतो. 4.0 ही मोठी आवृत्ती मार्च 2023 मध्ये आली. मी चारच्या मालिकेवरच शिकले. डाउनलोड केलेली फाइल उघडायची आणि सरळ चालवायची, इन्स्टॉलेशनचा घोळ नाही. याआधी मी एक मोठं थ्रीडी इंजिन उतरवलं होतं. त्याच्या तयारीतच दोन संध्याकाळी गेल्या आणि तिसऱ्या दिवशी मी तिकडे फिरकलेच नाही. गोडोत पहिल्याच रात्री माझी मनी पडद्यावर उभी होती.

मनी म्हणजे माझ्या गेममधली मांजर. वरून कावळे झेपावतात, त्यांना चुकवत, फळ्यांवर उड्या मारत लोकरीचे गुंडे गोळा करायचे, एवढाच खेळ.

गोडोत सगळं काही नोड असतं. चित्र हा एक नोड, आवाज हा एक नोड, टक्कर ओळखणारा आकार हा आणखी एक. नोडखाली नोड जोडत झाड तयार होतं आणि अशा झाडाला सीन म्हणतात. गंमत अशी की एक अख्खा सीन उचलून दुसऱ्या सीनमध्ये ठेवता येतो. मला हे लगेच उमगलं, कारण खातेवहीतही मुख्य खात्याखाली उपखाती असतात. कावळा एकदाच बनवला, मग त्याचे हवे तेवढे नमुने पातळीत सोडले. मूळ कावळ्याचा रंग बदलला की सगळे बदलतात.

आता एका पिवळ्या त्रिकोणाची गोष्ट. दुसऱ्या रात्री मी मनीखाली जमीन ठेवली, गेम चालवला, आणि मनी जमिनीतून आरपार खाली निघून गेली. पुन्हा चालवला, पुन्हा तेच. मी तासभर स्क्रिप्ट, म्हणजे मनीने कसं हलायचं ते सांगणारा कोड, वाचत बसले, गुरुत्वाकर्षणाचा आकडा बदलून पाहिला, मनीला वर उचलून पाहिलं. शेवटी डाव्या बाजूच्या झाडात जमिनीच्या नावाशेजारी एक छोटा पिवळा त्रिकोण दिसला. त्यावर माउस नेला तर स्पष्ट लिहिलं होतं की या नोडला आकार दिलेला नाही, त्यामुळे तो कशालाही धडकू शकत नाही. जमिनीचं चित्र होतं, पण टक्करीसाठी लागणारा आकार मी जोडलाच नव्हता. कोलिजनशेप2डी नावाचा नोड खाली टाकला, आयत ओढून चित्रावर बसवला, त्रिकोण गेला, मनी जमिनीवर टेकली. गोडोने चूक त्याच सेकंदाला सांगितली होती. बघायचं कुठे हे मला माहीत नव्हतं. त्या रात्रीपासून गेम चालवायच्या आधी मी झाडावरून वरपासून खालपर्यंत एकदा नजर फिरवते. नव्याने शिकणाऱ्या कुणालाही पहिल्या दिवशी मी हीच सवय लावेन.

स्क्रिप्ट लिहायची भाषा जीडीस्क्रिप्ट. दिसायला पायथनसारखी, कंसांची गर्दी नाही, ओळ किती आत सरकवली यावरून काय कशाच्या आत आहे ते ठरतं. मी चलांची, म्हणजे आकडे साठवायच्या जागांची, नावं मराठीच ठेवते, रोमन अक्षरांत, आणि कमेंट, म्हणजे स्वतःसाठीच्या टिपा, देवनागरीत लिहिते. चार आठवड्यांनी स्वतःचाच कोड उघडला तर तो आपल्या भाषेत बोलतो, याचा आधार वाटतो.

चालणाऱ्या, उड्या मारणाऱ्या पात्रासाठी गोडो एक तयार स्क्रिप्ट देतं. त्यात वेग 300, उडी उणे 400. उणे का, तर टूडीमध्ये वाय अक्ष खाली वाढतो. वर जायचं म्हणजे आकडा कमी व्हायचा. गुरुत्वाकर्षण आधीपासून 980 ठेवलेलं असतं. माझी पहिली फळी जमिनीपासून तीन टाइल उंच होती, 32 पिक्सेलची एक टाइल, म्हणजे 96 पिक्सेल. मनी उडी मारायची, फळीला डोकं लावायची आणि खाली यायची. मी आकडे अंदाजाने वाढवणार होते, तेवढ्यात शाळेतलं सूत्र आठवलं: उंची म्हणजे वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वाकर्षणाची दुप्पट. 400 चा वर्ग 1,60,000, भागिले 1,960, आले साधारण 82. 96 ला पुरणारच नव्हते. 450 घेतले तर 103. आकडा बदलला, गेम चालवला, मनी अलगद फळीवर बसली. शाळेत हे सूत्र मी मार्कांसाठी पाठ केलं होतं. ते पडद्यावर एका मांजरीला वर नेताना पाहून मला खरोखर भरून आलं. मुलीला झोपेतून उठवून दाखवावं असं वाटलं, पण रात्रीचे साडेअकरा झाले होते.

सगळ्या चुका मात्र अशा पटकन हाती लागत नाहीत. सर्वांत उशिरा कळलेली चूक कावळ्यांची. त्यांना खाली आणायला मी दर फ्रेमला, म्हणजे पडदा नव्याने रेखाटला जाताना दर वेळी, वाय 5 ने वाढवत होते. माझा पडदा 60 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 60 फ्रेम, त्यामुळे सेकंदाला 300 पिक्सेल, अगदी हवा तसा वेग. तीन आठवड्यांनी मुलीने गेम तिच्या मैत्रिणीच्या लॅपटॉपवर नेला आणि तिथूनच फोन केला, "आई, अगं इथे कावळे केवढे पिसाळलेत! एक पण चुकवता येत नाही." त्या लॅपटॉपचा पडदा 144 हर्ट्झचा होता. तिथे तीच ओळ सेकंदाला 144 वेळा चालत होती, म्हणजे 720 पिक्सेल. मनी मात्र ठीक चालत होती, कारण तिला हलवणारं फंक्शन वेळेचा हिशेब आपणहून करतं. उपाय एका शब्दाचा: डेल्टा. मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला तो आकडा गोडो दर वेळी हातात देतं. 300 ला त्याने गुणायचं, की पडदा कुठलाही असो, वेग तोच. ही चूक कुठलंच साधन दाखवणार नाही, कारण कोड व्याकरणाने बरोबर असतो. म्हणून पहिला गेम दुसऱ्या मशीनवर शक्य तितक्या लवकर चालवून बघा.

तशीच आणखी एक मुकी जागा म्हणजे लेअर आणि मास्क. लेअर म्हणजे मी कुठे आहे, मास्क म्हणजे मी कुणाकडे बघतो. गुंड्याच्या मास्कमध्ये मनीच्या लेअरवर खूण केली नाही, तर मनी गुंड्यावरून निघून जाते आणि काहीच घडत नाही. लाल ओळ नाही, त्रिकोणही नाही. माझ्या दोन रात्री त्यात गेल्या. डीबग मेनूत टक्करीचे आकार दिसू लागतील अशी एक सोय आहे, ती चालू केल्यावर निदान आकार एकमेकांवर येताहेत एवढं तरी कळलं आणि शोध मास्कपर्यंत पोचला. प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये लेअरना नावं देता येतात. मनी, कावळे, जमीन, गुंडे अशी नावं दिल्यापासून ही चूक पुन्हा झालेली नाही.

माझी सगळ्यांत लाडकी सोय म्हणजे रिमोट. गेम चालू असताना सीनच्या झाडावर हा टॅब उघडतो आणि त्या क्षणी गेममध्ये खरोखर काय काय जिवंत आहे ते दिसतं. माझा गेम पाच-सहा मिनिटांनी जड व्हायचा. रिमोट उघडलं तर कावळ्यांची यादी संपता संपेना. पडद्याखाली गेलेले कावळे दिसत नव्हते, पण गेलेही नव्हते. खाली, आणखी खाली पडतच होते. बंद न केलेली खाती वर्षानुवर्षं वहीत राहावीत तसं. पडद्याबाहेर गेल्याचा सिग्नल पकडून तिथे क्यूफ्री, म्हणजे नोड काढून टाकायची आज्ञा, लिहिली आणि यादी दहा-बाराच्या वर जाईना. समोर आकडा वाढताना दिसला नसता तर मी संगणकालाच दोष देत राहिले असते.

शिकायचं कुठून? गोडोच्या अधिकृत दस्तऐवजात पहिला टूडी गेम टप्प्याटप्प्याने करून घेतला आहे. तिथूनच सुरू करा. मी तसं केलं नाही. एका व्हिडिओ कोर्सच्या मागे लागले, तो तीनच्या आवृत्तीवरचा निघाला आणि हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. तीनमधला किनेमॅटिकबॉडी2डी चारमध्ये कॅरेक्टरबॉडी2डी झाला, यील्डच्या जागी अवेट आलं, ऑनरेडीच्या आधी ॲटचं चिन्ह आलं, मूव्ह अँड स्लाइडला कंसात वेग द्यायची पद्धत गेली. शिक्षक म्हणतात तसं अक्षरन् अक्षर लिहावं आणि ओळीखाली लाल रेघ यावी, यात नवशिक्याचा धीर सुटतो. त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाहीये. मी हे दहा दिवस सहन केलं आणि मला आजही त्याचा राग येतो. शिकवणाऱ्याने आवृत्ती पहिल्या मिनिटाला सांगितलीच पाहिजे. चारच्या मालिकेतही बदल होतात, 4.3 मध्ये टाइलमॅपची जागा टाइलमॅपलेअरने घेतली. व्हिडिओ सुरू करण्याआधी आवृत्तीचा आकडा शोधा, सापडला नाही तर सोडून द्या.

आणि खेळ लहान घ्या. 1972 मध्ये अटारी या गेम कंपनीत तिचे सहसंस्थापक नोलन बुशनेल यांनी ॲलन अल्कॉर्न या नव्या इंजिनिअरला हात बसावा म्हणून एक साधा सराव दिला होता: दोन फळ्या, एक चेंडू. तोच पुढे पाँग म्हणून बाजारात गेला. त्यात प्रोग्राम नव्हताच, सगळं सर्किटमध्ये होतं, पण सरावाला केलेली गोष्टही पूर्ण होऊ शकते, हे त्यातून मला पटलं. माझ्या वहीत सुरुवातीला 14 पातळ्यांचा आराखडा होता. आज तीन आहेत, आणि तिन्ही शेवटपर्यंत खेळता येतात.

उणिवा सांगायच्या तर, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स किंवा निन्टेन्डोसाठी गेम काढायची सोय गोडोत थेट मिळत नाही. त्या कंपन्यांचे करार आणि गुप्ततेच्या अटी खुल्या कोडमध्ये बसत नाहीत, त्यामुळे वेगळी वाट धरावी लागते. नोकरीसाठीच शिकत असाल तर जाहिरातींत युनिटी आणि अनरिअल ही नावं जास्त दिसतात, तेव्हा सी शार्प किंवा सी प्लस प्लसकडे कधी ना कधी वळावं लागेल. वेबसाठी काढलेला गेम नुसती फाइल उघडून चालत नाही, सर्व्हर लागतो, हेही आधी माहीत असलेलं बरं. थ्रीडीबद्दल मी बोलत नाही, मी त्याला हात लावलेला नाही.

गेल्या महिन्यात मी एकच गोष्ट केली, फळीच्या काठाची. मुलगी खेळताना सारखी कुरकुर करायची, "मी दाबलं होतं, तरी उडी लागली नाही." मी शेजारी बसून पाहिलं. ती बटण दाबायची ते मनीचा पाय फळीवरून सुटल्यावर, अगदी किंचित उशिरा. कोडच्या दृष्टीने मनी तेव्हा हवेत, म्हणून उडी नाही. कोड चुकलेला नव्हता, पण तक्रार खरी होती. गेम करणारे यावर एक सवलत ठेवतात, तिला कोयोटी टाइम म्हणतात. कार्टूनमधला कोयोटी कड्याबाहेर धावत जातो आणि हवेत क्षणभर थांबतो, त्यावरून. मनी जमिनीवर आहे का, एवढंच न विचारता, ती गेल्या 0.1 सेकंदात जमिनीवर होती का, असं विचारायचं. एक चल, चार ओळी. फिजिक्सचं फंक्शन सेकंदाला 60 वेळा चालतं, म्हणजे ही सवलत सहा ठोक्यांची.

मुलीला मी काही सांगितलं नाही. ती दुसऱ्या पातळीवर खेळत होती, फळीच्या टोकाला आली, नेहमीसारखाच उशीर झाला, आणि मनीने उडी घेतली. तिने मान वर केली नाही. पुढचा गुंडा घेतला आणि तिसऱ्या फळीकडे निघाली.