नंतर उघडीप : निक ड्रेकची दुसरी रेकॉर्ड, सात महिन्यांनंतर

एप्रिलात घेतलेली रेकॉर्ड. २,७९९ रुपये, वर कुरिअरचे १२०. निक ड्रेक हा इंग्लिश गायक कोण होता आणि त्याचं पुढे काय झालं, हे इथं सांगत बसत नाही. ज्यांना ठाऊक नाही ते हे वाचणार नाहीत, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांना तेच पुन्हा ऐकायची हौस नसते. मी लिहितोय ते त्याच्या १९७१ च्या ‘ब्रायटर लेटर’ या रेकॉर्डबद्दल, आणि त्यातही मुख्यतः दुसऱ्या बाजूच्या पहिल्या साडेतीन मिनिटांबद्दल. कारण माझा अख्खा मे महिना आणि जूनचे काही दिवस त्या साडेतीन मिनिटांत गेले.

आधी हिशेब. रेकॉर्ड साधारण ३९ मिनिटांची. म्हणजे कुरिअर सोडून मिनिटाला ७२ रुपये. (मुलगी म्हणाली, “बाबा, फोनवर फुकट आहे.” तिला मी उत्तर दिलं नाही.) आता या ३९ पैकी साडेआठ मिनिटं निक ड्रेक तोंडच उघडत नाही. पहिल्या बाजूची सुरुवात, दुसऱ्या बाजूची सुरुवात आणि दुसऱ्या बाजूचा शेवट, या तीन जागा त्याने नुसत्या वाद्यांना दिल्यात. साडेआठ गुणिले ७२ करून बघा. सहाशेच्या वर रुपये मी एका गायकाला न गाण्याबद्दल मोजले. सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाच्या घशाखाली हे सहज उतरत नाही.

पहिला तुकडा दीड मिनिटाचा आहे, त्याचं काही नाही. दार उघडताना कडी वाजावी तेवढाच तो. पण दुसरी बाजू उघडणारा शीर्षकाचा तुकडा आणि शेवटचा ‘संडे’ हे दोन्ही फ्लूटवर. एकात लिन डॉब्सन, दुसऱ्यात रे वॉर्ली. वाजवणारे अव्वल आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार अशी, की असा गोड गोड फ्लूट कानावर पडला की माझ्या पिढीला आकाशवाणी आठवते. भाषण चार मिनिटं आधी संपलंय, बातम्यांना अवकाश आहे, मग तोवर वाद्यसंगीत. पहिल्या दिवशी ‘संडे’ लागलं तेव्हा आईने (वय ७९) आतून विचारलं, “बातम्यांना वेळ आहे का रे अजून?”

शीर्षकाचा तुकडा तर त्या दिवशी धड ऐकूच आला नाही. रेकॉर्ड आली ती पारा चाळिशीच्या पुढे असताना. खोकं हाताला गरम लागत होतं; टेम्पोत किती तास उन्हात पडलं होतं देव जाणे. आतली तबकडी कडेला एका ठिकाणी पापडासारखी उचललेली. बाहेरच्या कडेवर त्या बाजूचा पहिला तुकडा असतो, त्यामुळे पिन फिरत फिरत त्या उंचवट्यावर चढायची आणि उतरताना खोबण सोडून पुढे पडायची. पहिली बाजू वर ठेवली की तोच उंचवटा खड्डा होतो. तिथे पिन नुसती डुलते, सुटत नाही. दुसऱ्या बाजूला मात्र शीर्षकाच्या तुकड्याची पहिली दोन मिनिटं म्हणजे लंगडी.

विक्रेत्याला फोन केला.

“सर, वाजते ना?”

“वाजते, पण उडी मारते.”

“कुठल्या गाण्यात?”

“गाणं नाहीये ते. नुसतं म्युझिक आहे.”

“मग गाणी सगळी वाजतायत ना, सर?”

यावर मला काही बोलता येईना, कारण आदल्या रात्री जेवताना मी बायकोला नेमकं हेच ऐकवलं होतं, की या तुकड्यांना काही अर्थ नाही, जागा भरायला घातलेत. आता त्याच तुकड्यासाठी भांडायची वेळ आली. आणि पैसे दिलेले असले की माणूस कशासाठीही भांडतो.

आधी त्यांनी खोकं उघडतानाचा व्हिडिओ मागितला. तो नव्हता. मग उडीचा व्हिडिओ मागितला, तो पाठवला. मग म्हणाले, अख्खी तबकडी दिसायला हवी. मग म्हणाले, ऑर्डर नंबरचा कागद शेजारी ठेवा. मग म्हणाले, सुरुवातीपासून सलग काढा, मधे कापू नका. एकाने सुचवलं की पिनेच्या डोक्यावर पन्नास पैशांचं नाणं ठेवून बघा. दोन ग्रॅम वजनावर चालणारी पिन! त्याच्या दुकानातल्या प्लेअरवर तो नाणं ठेवतो का, असं विचारल्यावर त्याने साहेबांशी बोलतो म्हणून फोन ठेवला. मधे मी घरगुती उपायही केला. दोन काचांमध्ये तबकडी, वर वडिलांच्या वेळचे विश्वकोशाचे चार खंड, तीन दिवस. फरक शून्य. खंड पुसून झाले, एवढाच फायदा.

या सगळ्यात तो तुकडा मी किती वेळा ऐकला असेल? चाळीस तरी. व्हिडिओ काढताना बोलायचं नाही, पंखा बंद, खिडकी बंद, मे महिना, आणि समोर फ्लूट. एका रविवारी स्वयंपाकघरातून तीच धून ऐकू आली. ही पोळ्या लाटताना गुणगुणत होती, आणि उडी यायची तिथे बरोबर उडी मारत होती. रेकॉर्डमधे तिथे उडी नाहीये, असं मी सांगायला गेलो तर म्हणाली, “अहो, मला तर अशीच पाठ झालीये.”

इथून माझं मत हलायला लागलं, म्हणून वर लिहिलेलं खोडत नाही, पण पुढचंही वाचा.

त्या आठवड्यांत साधं ऐकायला बसलो की मी शीर्षकाचा तुकडा टाळून पिन थेट ‘फ्लाय’वर ठेवायचो. व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या रॉक बँडवाला जॉन केल त्यात व्हायोला आणि हार्पसिकॉर्ड वाजवतो, आणि ड्रेक वरच्या पट्टीत, जवळजवळ अजिजीने, आणखी एक संधी मागतो. गाणं उत्तम, पण थेट तिथून सुरुवात केली की रडकं वाटायचं. बसल्या बसल्या कुणीतरी एकदम गळ्यात पडावं तसं. मला वाटायचं केलने जास्त केलंय.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बदली तबकडी आली. सपाट. मी दुसरी बाजू पहिल्यांदा सुरुवातीपासून सलग ऐकली. साडेतीन मिनिटं ते फ्लूट, काही मागत नाही, काही सांगत नाही, सकाळी संभाजी बागेत चक्कर मारणाऱ्या माणसासारखं. तुम्ही सैलावता. आणि मग ‘फ्लाय’ सुरू होतं, आणि तो आवाज येतो. तेच गाणं, तोच व्हायोला, पण आता ते गळ्यात पडत नाही. तुम्हीच पुढे वाकून ऐकता. इतका वेळ गप्प बसलेला माणूस बोलला, म्हणून.

तेव्हा सहाशेपैकी अडीचशे मी माफ केले. (साडेतीन गुणिले ७२.)

त्यात हेही खरं, की हे तुकडे कुणी त्याच्यावर लादलेले नाहीत. रेकॉर्डवरची दहाच्या दहा त्याचीच. सजावट रॉबर्ट कर्बीची. आपल्याकडे भावगीतांना संगीत संयोजक असायचे तसा हा संयोजक, ड्रेकचा केंब्रिजचा मित्र. (ड्रेकने केंब्रिज सोडलं तेव्हा पदवीला नऊ महिने उरले होते. वडील इंजिनिअर. घरात काय झालं असेल ते पुण्यातल्या पालकांना सांगायला नको. हे वडील ‘बॉम्बे बर्मा’ कंपनीत होते. निकचा जन्म रंगूनचा, १९४८ चा, आणि थोरली बहीण गॅब्रिएल लाहोरची. तेव्हा अगदीच परका नाही.)

तेव्हा बाजारात आल्यावर या रेकॉर्डचं काय झालं, तेही जाता जाता. ‘मेलडी मेकर’ या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाने लिहिलं, की फोक आणि कॉकटेल जॅझची ही अवघडलेली मिसळ आहे. मिसळ हा शब्द माझा, पुण्यात राहतो म्हणून. ‘रेकॉर्ड मिरर’ला मात्र गिटार आणि संयोजन दोन्ही आवडलं. निर्माता जो बॉइड आणि ध्वनिमुद्रक जॉन वूड यांना वाटत होतं ही खपणार. खपली नाही. ड्रेकच्या हयातीत त्याच्या तिन्हींपैकी एकाही अल्बमच्या पाच हजार प्रती गेल्या नाहीत. गाणारा मंचावर जायला तयार नव्हता, हे एक कारण. बॉइड अमेरिकेला निघून गेला. ड्रेकने पुढचा अल्बम दोन रात्रींत, नुसता आवाज आणि गिटार, शीर्षकगीतात पियानोचे चार स्वर, असा उरकला. त्यावरून जाणकार म्हणतात की त्याला ही दुसरी सजवलेली रेकॉर्ड आवडली नसणार. १९९९ मध्ये एका मोटारीच्या जाहिरातीत त्या तिसऱ्यातलं गाणं वाजलं, आणि पंचवीस-तीस वर्षं पडून असलेला माल हलला. २००३ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ने पाचशे श्रेष्ठ अल्बमांची यादी केली, त्यात ही २४५ वी. मूळ प्रतीच्या आशेने मी वर्षभर रविवारचा जुना बाजार पालथा घातला होता, हे आठवून आता हसू येतं. पाच हजारांतली एक मंगळवार पेठेत कशाला येईल? तिथे मला बोनी एमच्या तीन आणि कीर्तनाच्या दोन मिळाल्या.

मेमधे मी ‘मेलडी मेकर’च्या बाजूने होतो. आता अर्धा आहे.

बाकीच्या गाण्यांबद्दल भरभर सांगतो. ‘हेझी जेन’ दोन आहेत, क्रमांक दोन आधी येतो आणि एक नंतर, का ते विचारू नका. दोनमधे पितळी वाद्यं इतकी खुशीत आहेत की हा तोच दुःखी माणूस का, असा प्रश्न पडतो. फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या फोक-रॉक बँडचे डेव्ह पेग आणि डेव्ह मॅटॅक्स बेस आणि ड्रमवर आहेत, ते या रेकॉर्डचं खरं पोट. ‘अॅट द चाइम ऑफ अ सिटी क्लॉक’ रात्री साडेनऊला, कर्वे रस्त्यावरून रिकाम्या पीएमटीत खिडकीशी बसून ऐकावं (हे फोनवर, कबूल). सॅक्सोफोन वॉर्लीचाच, आणि तिथे तो मला कणभरही जास्त वाटत नाही. ‘पुअर बॉय’ सहा मिनिटांचं. ड्रेक स्वतःची कीव करतो आणि मागे पॅट आर्नल्ड आणि डोरिस ट्रॉय त्याची यथेच्छ टिंगल करतात. त्याने स्वतःच ती टिंगल लिहून घेतलीये, हे माझ्या लक्षात यायला ऑगस्ट उजाडला. सहा मिनिटं भरून येतात, पैसे वसूल.

‘नॉर्दर्न स्काय’बद्दल सगळे लिहितात, म्हणून थोडक्यात. इथेही केल, या वेळी सेलेस्टा, पियानो आणि ऑर्गन. जुलैत चार दिवस सलग लागून राहिलेल्या पावसात, वीज जाऊन आल्यावर, मी हे गाणं लावलं आणि आईने बातम्यांबद्दल काही विचारलं नाही.

आणि मग ‘संडे’. सात महिन्यांनंतरही, क्षमा नाही. ‘नॉर्दर्न स्काय’ संपल्यावर खोलीत जी शांतता हवी असते तिच्यात हे फ्लूट येऊन बसतं, लग्नाचं जेवण झाल्यावर पुन्हा वाढायला येणाऱ्यासारखं. ‘फ्लाय’च्या आधीचा तुकडा पुढच्या गाण्यासाठी राबतो. याच्या पुढे काहीच नाही, नुसती आतली कडा. माझ्या प्लेअरला आपोआप थांबायची सोय नाही, त्यामुळे दर वेळी मांडी मोडून उठावं लागतं. गुडघे दुखतात. सहाशेतले उरलेले साडेतीनशे रुपये अजून खात्यावर येणे आहेत.

नावाचं तेवढं राहिलं. ‘ब्रायटर लेटर’ म्हणजे हवामानाच्या अंदाजातलं वाक्य, स्पेलिंग मुद्दाम वाकडं करून. मराठीत ‘नंतर उघडीप’. १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून ज्या गावात आलं, ज्या गावात त्या चौकाला अजून शिमला ऑफिस म्हणतात, तिथल्या माणसाला हे नाव समजावून सांगावं लागत नाही. ‘उघडीप’ वाचली की आम्ही छत्री घेतो.

एक व्यवहाराचं. जुनी तबकडी न्यायला माणूस येईल, असं विक्रेत्याने जूनमधे सांगितलं होतं. तीनदा कळवलं, कुणी आलं नाही. ती माझ्याकडेच आहे. पहिली बाजू डुलते पण पूर्ण वाजते, दुसरी ‘फ्लाय’पासून स्वच्छ. कुणाला हवी असेल तर फुकट नेऊ शकता, कोथरूडला येऊन. दुपारी एक ते चार सोडून.