वेल्श शिकतेय: अॅप आणि क्लास, दोन्हीचा अनुभव

मागच्या सप्टेंबरपासून वेल्श, म्हणजे ब्रिटनमधल्या वेल्सची भाषा, शिकतेय. आम्ही उत्तर वेल्समधे, काएर्नार्वोनला राहतो. २०२१ च्या जनगणनेत अख्ख्या वेल्समधे १७.८ टक्केच लोकांना वेल्श येत होती पण आमच्या ग्विनेद काउंटीत ६४ टक्क्यांच्या वर, त्यामुळे बेकरी, बस, शाळेचं गेट सगळीकडे वेल्शच चालते. इंग्लिशवर भागतं हो, पण मग गेटवर नुसतं हसत उभं राहायचं.

आधी एक फुकटचं अॅप घेतलं. वाचायला लवकर जमलं, पाट्या कळायला लागल्या. पण 'आत्ता'ला त्यात 'नाउर' शिकले आणि इथे सगळे 'रुआन' म्हणतात, म्हणजे दक्षिणेची भाषा शिकून उत्तरेत बोलत होते.

खरी डोकेदुखी म्युटेशनची. आपल्याकडे घर-घरात, रस्ता-रस्त्यात, बदल शेवटी होतो. इथे शब्दाचं पहिलं अक्षरच बदलतं. बँगोरला जायचं तर 'ई वँगोर', बँगोरमधे असाल तर 'अम मँगोर'. आता ऐकलेला शब्द डिक्शनरीत कुठल्या अक्षराखाली शोधायचा सांगा! अॅपनं हे कधी नीट समजावलंच नाही, नुसतं चूक म्हणून लाल दाखवायचं.

शेवटी वेल्श शिकवणाऱ्या नॅशनल सेंटरचा संध्याकाळचा क्लास लावला, पहिली लेव्हल, मनेद्याद. भारीये. पुस्तकं उत्तरेची वेगळी, दक्षिणेची वेगळी, आणि पहिल्या दिवसापासून तोंड उघडायला लावतात. वेल्शमधे हो-नाहीला एकच ठरलेला शब्द नाही, बऱ्याचदा क्रियापदानंच उत्तर द्यायचं, यावर इंग्लिशवाले वैतागतात. मला काही वाटलं नाही, 'येतेस का?' 'येते', आपण हेच तर करतो. डबल एल (ll) चा उच्चार मात्र अजून येत नाही, जीभ ल ला ठेवून बाजूनं हवा सोडायची म्हणे, माझी नुसती थुंकी उडते.

क्लासमधे न सुटणारा प्रॉब्लेम एकच. दुकानात जरा अडखळलं की समोरचा लगेच इंग्लिशवर येतो, चांगुलपणानंच, पण आपली प्रॅक्टिस गेली ना. यावर ते नारिंगी 'दस्गुर' बॅज, म्हणजे शिकाऊवाले, लावून बघा, लोक खरंच सावकाश बोलतात, आणि बेकरीतल्या काकू तर आता मला इंग्लिश बोलूच देत नाहीत.

नुसतं अॅप घेऊ नका, घेतलंच तर उत्तर-दक्षिण आधी बघा. घरात १६ ते २५ वयाचं कोणी असेल तर त्यांना सेंटरचे क्लास फुकट आहेत.