ब्राउन स्विच म्हणून रबर विकलं: कीबोर्डात गेलेले १०,७४९ रुपये

ऑनलाइन मेकॅनिकल कीबोर्ड मागवला, म्हणजे प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असलेला, आणि फसलो. स्विचचा प्रकार त्याच्या रंगावरून ओळखतात, मला हवा होता ब्राउन. आधी आकडा सांगतो, कारण जो तो पहिल्यांदा तेच विचारतोय. बुकिंगचे ४,००० रुपये यूपीआयनं. दारात आलेल्या कुरिअरवाल्याला ५,४९९ रोख. मग 'रिटर्न पिकअप'चे म्हणून आणखी १,२५०, परत यूपीआयनं. झाले १०,७४९. त्या बदल्यात घरात पडलाय एक रबरी मेम्ब्रेन कीबोर्ड, म्हणजे स्विचऐवजी बटणांखाली रबराची चादर असलेला, जो आमच्या कोल्हापुरात शाहूपुरीत कॉम्प्युटरच्या कुठल्याही दुकानात हजाराच्या आत मिळतो.

लिहिताना लाज वाटतेय. मी प्रोग्रॅमर आहे, टीममध्ये नवीन आलेल्या पोरांना खोटी मेल कशी ओळखायची ते मी शिकवतो. पण आपण गप्प बसलो की असल्या लोकांचं फावतं. म्हणून नाव कळलं तरी चालेल, पण लिहिणार.

दुकानातून का नाही घेतलास, हे मला घरापासून ऑफिसपर्यंत सगळ्यांनी ऐकवून झालंय. घेतला असता हो! राजारामपुरी आणि शाहूपुरी पालथी घातली मी. मेकॅनिकल म्हटलं की पुढ्यात येतो रंगीत दिव्यांचा गेमिंग कीबोर्ड, आणि त्यात हमखास ब्लू स्विच, म्हणजे वाजणारा. "दाबून बघा की, कसला आवाज येतोय!" मला आवाजच नको होता. आमचा क्लायंट अमेरिकेतला, रात्री एक-एक वाजेपर्यंत काम चालतं. मंगळवार पेठेत दोन खोल्यांचं घर, पार्टिशनच्या पलीकडं आई झोपते. तिथं ब्लूचा टकटकाट कसा चालायचा? पुण्यातल्या मित्राचा रेड स्विचवाला वापरून बघितला होता. तो लिनिअर, बोट नुसतं घसरत खाली जातं, ४५ ग्रॅमच्या आसपास दाब पडला की अक्षर उमटलंच. माझी बोटं जड आहेत, 'जे'वर विसावली तरी दाबली जातात, आणि विममध्ये, म्हणजे एकेका बटणाच्या हुकमावर चालणाऱ्या कोड एडिटरमध्ये, काम करणाऱ्याला नकळत दाबलेलं एक बटण किती महागात पडतं हे ज्यानं भोगलंय त्याला माहीत. म्हणून ब्राउन. मधे बारीक उंचवटा लागतो, दोन मिलिमीटरवर अक्षर उमटतं, ते बोटाला समजतं आणि तळापर्यंत आपटायची गरज राहत नाही. शिवाय क्लिक नाही.

पूर्ण कीबोर्डाच्या साठ टक्के आकाराचा नको होता, कारण त्यात एफ-कींची ओळ नसते. दिवसभर कोडमधल्या चुका शोधायचा डीबगर चालवायचा आणि एफ१०, एफ११ साठी दर वेळी फंक्शनचं बटण धरायचं, हे मला जमणार नाही. पूर्ण आकाराचाही नको, नंबरपॅडमुळं माउस लांब जातो आणि माझा उजवा खांदा धरतो. म्हणजे पंचाहत्तर टक्के. हॉट-स्वॅप हवा, एखादा स्विच बिघडला तर सोल्डरिंग न करता उपटून दुसरा बसवता यावा. कॅप्स लॉकच्या जागी कंट्रोल हवा, तोही कीबोर्डच्या मेमरीतच बसलेला, कारण कंपनीच्या लॅपटॉपवर आपलं सॉफ्टवेअर टाकायला बंदी. म्हणजे व्हाया चालणारा बोर्ड, बटणांची कामं बदलून ती बोर्डातच साठवता येतात त्यानं. कीकॅप, म्हणजे बटणांच्या टोप्या, पीबीटी प्लॅस्टिकच्या, कारण एबीएस प्लॅस्टिकच्या कॅप काही महिन्यांत तेलकट चकाकायला लागतात. आणि हे सगळं ॲल्युमिनियमच्या बॉडीत, ९,४९९ रुपयांना, एका पेजवर समोर आलं.

हे नीट ध्यानात घ्या: त्या पेजवाल्यांना आपली, कीबोर्डवेड्यांची भाषा येते. लांब बटणं डुगडुगू नयेत म्हणून खाली असतात त्या स्टॅबिलायझरना वंगण लावून देतो म्हणाले. स्विच चेरी कंपनीचेच हवेत की गेटेरॉनचे चालतील, विचारलं. चेरीच्या पेटंटची मुदत संपल्यापासून गेटेरॉन, कैल हे सगळे तसेच स्विच बनवतात आणि बऱ्याच जणांना ते जास्त गुळगुळीत वाटतात, हेही त्यांनीच मला सांगितलं, आणि ते खरंही आहे. असं बोलणारा माणूस चोर असेल असं कुणाच्या मनात येईल?

आगाऊ पैसे का दिलेस, म्हणणाऱ्यांसाठी सांगतो. या छंदात आगाऊ पैसे देणं ही रीतच आहे. 'ग्रुप बाय' म्हणतात. आधी सगळ्यांनी पैसे भरायचे, मग कारखान्यात ऑर्डर जाते, आणि माल यायला महिनेच्या महिने लागतात. प्रामाणिक माणसंही असंच करतात. त्यामुळं ४,००० बुकिंग मागितल्यावर मला काही वावगं वाटलं नाही. उलट बाकीचे पैसे माल दारात आल्यावर द्या म्हणाले, त्यानं मी निर्धास्त झालो. कॅश ऑन डिलिव्हरी म्हणजे सुरक्षित, हा समज आजच डोक्यातून काढा. बॉक्स उघडण्याआधी पैसे द्यावे लागत असतील तर ते आगाऊच झाले.

आता ती जागा, जी आठवली की आजही डोकं फिरतं.

बुकिंगच्या आधी मी टायपिंगचा व्हिडिओ मागितला होता. आला. एक हात पटापट टाइप करतोय आणि प्रत्येक बटणाला टक्, टक्, टक्, स्वच्छ क्लिक. ब्राउन क्लिक करत नाही! ब्लूच्या आत एक वेगळा सरकता तुकडा असतो, तो खटकन खाली येतो तो आवाज. ब्राउनमध्ये तो तुकडाच नसतो. जो नाहीच तो वाजणार कुठून? हे मला माहीत होतं आणि मी तसं विचारलंही, मेसेज अजून आहे माझ्याकडं. उत्तर आलं: "सर, मोबाइलचा माइक जास्तच उचलतो. पीबीटी कॅपमुळं पण साउंड बदलतो." आता पीबीटीनं आवाज बदलतो हे खरंच आहे. खऱ्यात खोटं असं कालवून दिलं की घशाखाली उतरतं. नंतर तोच व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला तेव्हा दिसलं, त्यातला एंटर दोन ओळींत बसणारा, उलट्या एलसारखा आहे, म्हणजे युरोपियन आयएसओ मांडणी. पेजवरच्या फोटोत आडवा अमेरिकन एंटर. व्हिडिओ दुसऱ्याच कुणाचा तरी उचललेला. व्हिडिओ मागवाल तेव्हा कागदावर आजची तारीख आणि तुमचं नाव लिहून कीबोर्डशेजारी ठेवायला सांगा. कुरकुर केली की सोडून द्या.

आणि तरीही त्या व्हिडिओचं मी सोसलं असतं. पार्सलचं सोसवत नाही.

दुपारची वेळ, माझा कॉल चालू, माइक म्यूट करून दारात आलो. पोरानं बॉक्स हातात दिला आणि हात हलकाच वर गेला. ॲल्युमिनियमचा पंचाहत्तर टक्क्यांचा कीबोर्ड दीड किलोच्या वरच भरतो. लेबलवर छापलं होतं ७५० ग्रॅम, तेही बॉक्ससकट. प्रेषक म्हणून पेजचं नाव नाही, परराज्यातल्या कसल्याशा ट्रेडिंगचं नाव. मी ते वाचलं. शब्दन् शब्द वाचला. "जरा उघडून बघू का?" म्हटलं तर पोरगं म्हणालं, "दादा, आधी पैसे, मग बॉक्स. आमचा बी नियम हाय." आतून आई, "दे की लवकर, ऊन लागतंय त्याला." हेडफोनमधून मॅनेजर माझं नाव घेत होता. मी पाचशेच्या अकरा नोटा मोजून दिल्या. वजन हातात होतं, आकडा डोळ्यासमोर होता, 'घेत नाही' एवढंच म्हणायचं होतं आणि ५,४९९ वाचले असते. त्या अर्ध्या मिनिटात कोण काय वेगळं करेल ते मला खरंच सांगा. तुमच्यावर वेळ आली तर एवढंच करा: लेबलवरचं वजन आणि प्रेषकाचं नाव जुळत नसेल तर पार्सल परत पाठवा. कुणाला वाईट वाटायचं ते वाटू दे.

बॉक्समधला कीबोर्ड वरून अगदी फोटोसारखा. काळा रंग मारलेलं प्लॅस्टिक, पण लांबून धातू वाटेल असं. पुलरनं एस्केपची कॅप काढली. खाली खऱ्या ब्राउनसारखाच, अधिकचं चिन्ह असलेला तपकिरी दांडा. क्षणभर मीही फसलो. चिमट्यानं स्विच ओढायला गेलो तर निघेना, कारण तो स्विच नव्हताच. चौकटीतच बसवलेली प्लॅस्टिकची नळी, तिच्यात सरकणारा तपकिरी तुकडा, आणि मागचे स्क्रू काढल्यावर आत पांढऱ्या रबराची एकसलग चादर, प्रत्येक बटणाखाली एक वाटी. मुद्दाम तपकिरी रंग दिलेला. म्हणजे कॅप काढून बघणारं गिऱ्हाईक कोण आहे हेही त्यांना ठाऊक होतं! 'मेकॅनिकल फील' असं कुठं लिहिलेलं दिसलं तर समजा रबर. खात्री करायची तर नुसती कॅप नाही, अख्खा स्विच उपटून दाखवा म्हणावं, आणि त्याखालचं सॉकेट.

मेसेज केल्यावर लगेच माफी. चुकीचा पीस गेला सर, रिटर्न पिकअपचे १,२५० भरा, रिफंडमध्ये जोडून देतो. भरले. ९,४९९ अडकलेल्या माणसाला १,२५० मोठे वाटत नाहीत, यावरच यांचा धंदा चालतो. मग रिफंडसाठी क्यूआर कोड आला, स्कॅन करून पिन टाका म्हणे. तिथं मात्र मी थांबलो. पैसे यायला पिन लागत नाही, कधीच नाही, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच्या आज सांगा. मी नकार दिल्यावर नंबर ब्लॉक.

इथपर्यंत चोरांचं झालं. आता ज्यांच्याकडं मदतीला गेलो त्यांचं ऐका.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन केला. लाइन लागायला वेळ, लागल्यावर यूपीआयचे दोन व्यवहार लिहून घेतले. आणि ५,४९९? "ते तुम्ही रोख दिलेत, त्याचं आम्ही काही करू शकत नाही." तक्रार क्रमांक आला, पुढं काही हललं नाही. बँकेत गेलो. काचेमागच्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "पिन तुम्हीच टाकलाय ना? मग व्यवहार तुमच्या संमतीचा." पोलीस ठाण्यात सकाळी गेलो तर साहेब बंदोबस्ताला, संध्याकाळी या. संध्याकाळी गेलो तर, "माल आलाय न्हवं तुम्हाला? मग चोरी कसली? आवडला नाही म्हणून गुन्हा दाखल करायचा होय?" मी कीबोर्ड उलटा करून टेबलावर ठेवला, स्विच म्हणजे काय, रबर म्हणजे काय, सांगत बसलो. ते बटणं दाबून म्हणाले, "चालतोय की ओ, अक्षरं उमटतील." शेजारचे दुसरे म्हणाले, "धा हजारासाठी कशाला हेलपाटं घालताय, लोकांचं लाखानं जातंय हितं."

दहा हजार म्हणजे आमच्या घराचं महिन्याचं भाडं आहे साहेब.

फसवून माल किंवा पैसे काढून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (४) खालचा गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि तो दखलपात्र आहे. हद्द कुठलीही असली तरी खबर नोंदवून घ्यावी लागते, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ तसं सांगतं. मी हे छापून नेलं. "वकील आहे काय तुम्ही?" एवढंच उत्तर. शेवटी साध्या कागदावर अर्ज घेतला आणि पोच म्हणून शिक्का मारून दिला. शिक्का मात्र घ्याच, त्याशिवाय हलू नका.

कुरिअरच्या ऑफिसात प्रेषकाचा खरा पत्ता मागितला, कारण रोख घेतलेले पैसे हे त्याच्याच खात्यात भरणार ना? म्हणजे त्याचं नाव, खातं, सगळं यांच्याकडं आहे. "पोलिसांचं पत्र आणा." पोलीस म्हणतात, गुन्हाच नाही तर पत्र कसलं, ग्राहक आयोगात जा. ग्राहक आयोगाचा अर्ज भरायला बसलो तर तिथं विरुद्ध पक्षाचं नाव आणि पत्ता हवा. तो कुणाकडं? कुरिअरकडं! घाण्याच्या बैलासारखं फिरवलं मला या सगळ्यांनी, आणि प्रत्येक जण आपापल्या जागी नियमावर बोट ठेवून बसलाय. चोराला पकडायला एक पत्र पुरेसं आहे आणि ते पत्र लिहायला एक माणूस तयार नाही.

ग्राहक आयोगाचं तेवढं चांगलं सांगतो. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे, वकील लागतोच असं नाही. आणि २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणं ऑनलाइन विकणाऱ्यानं आपलं नाव, पत्ता, तक्रार निवारण अधिकारी जाहीर करायला हवा, ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायला हवी. पेजवर हे काहीच नसेल तर ब्राउन असो, रेड असो, पुढं बघूच नका. नुसता मोबाइल नंबर म्हणजे पत्ता नव्हे.

ज्यांना कीबोर्ड घ्यायचाच आहे त्यांनी आधी दोन-चार सुटे स्विच मागवून बोटाखाली घालून बघा, फार पैसे लागत नाहीत. किंवा कुणी ओळखीचं वापरत असेल तर त्याच्या टेबलावर तासभर काम करा. पुण्याला जाऊन यायला लागलं तरी जा. ब्राउनसाठी मी ते केलं नाही कारण सुट्टी मिळत नव्हती, आणि रोज रात्री बोटं दुखत होती.

पेज नाव बदलून परत सुरू झालंय. तोच हात, तोच दोन मजली एंटर, तेच टक् टक्, खाली 'सायलेंट ब्राउन'. असं पार्सल तुम्हालाही आलं असेल तर बॉक्स रद्दीत टाकू नका. लेबलावर ट्रॅकिंग नंबरखाली बारीक अक्षरात प्रेषकाचा जीएसटी क्रमांक असतो का बघा. माझ्या लेबलावर तो होता, पण टेप ओढताना बराचसा फाटला. पहिले दोन आकडे राज्याचे, तेवढे शाबूत आहेत; पुढची दहा अक्षरं पॅनची असतात, ती पूर्ण राहिली नाहीत. पूर्ण क्रमांक असलेलं एक लेबल मिळालं तर सरकारच्या जीएसटी पोर्टलवर टाकून नोंदणीचं नाव आणि पत्ता काढता येईल, आणि मग माझा अर्ज आयोगात दाखल होईल.