लोडॅशचं 'गेट': ठेवावं की काढावं?

जुन्या प्रोजेक्टात लोडॅश (जावास्क्रिप्टची तयार फंक्शन्स देणारी लायब्ररी) आधीपासून असेल, तर त्यातलं 'गेट' (ऑब्जेक्टच्या आत खोलवरची व्हॅल्यू काढून देणारं फंक्शन) काढायची घाई करू नका. नव्या प्रोजेक्टात मात्र केवळ त्याच्यासाठी लोडॅश आणू नका.

मी एका आंबा विक्रेत्याची ऑर्डरची साइट सांभाळते. ऑर्डरमध्ये पेट्यांचा ॲरे (यादी), पेटीत पत्ता, पत्त्यात पिनकोड. नुसती टिंबं देत आत शिरलं आणि मधला एखादा थर नसला, की 'कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ अनडिफाइन्ड' येतं आणि पान कोरं. 2015 मध्ये आलेलं 'गेट' हे एका ओळीत मिटवतं. ऑब्जेक्ट द्या, 'पेट्या[0].पत्ता.पिनकोड' असा पाथ द्या, न सापडल्यास काय परत करायचं तेही सांगा.

पण न सापडल्यास मिळणारी ती व्हॅल्यू, म्हणजे डिफॉल्ट, फक्त अनडिफाइन्डसाठी (व्हॅल्यूच नसेल तर). सर्व्हरने नल (मुद्दाम ठेवलेली रिकामी व्हॅल्यू) पाठवला तर हातात नलच येतो, आणि गिऱ्हाइकाने रिकामं सोडलेलं 'जवळची खूण' आमच्याकडे नल म्हणूनच येतं. इथे 2020 मध्ये जावास्क्रिप्टमध्येच आलेली '?.' आणि '??' ही जोडी सरस. '?.' मधला थर नसला तर न अडखळता अनडिफाइन्ड देतं, आणि '??' अनडिफाइन्ड व नल दोन्ही पकडून डिफॉल्ट देतं.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. 'गेट'चा पाथ म्हणजे नुसती स्ट्रिंग (साधा मजकूर). 'पिनकोड'चं 'पिनकोट' झालं तरी 'गेट' हूं की चूं करत नाही, गुपचूप डिफॉल्ट देऊन मोकळं. टाइपस्क्रिप्टमध्ये (टाइप तपासणारं जावास्क्रिप्ट) '?.' वापरलं असतं तर तिथल्या तिथे लाल रेघ आली असती.

तरी एका ठिकाणी मी 'गेट' ठेवलंय. रिपोर्टमध्ये कोणते कॉलम हवेत ते मालक कॉन्फिगमधून (सेटिंगच्या फाइलमधून) बदलतात. पाथ किती खोल जाणार हे आधी माहीतच नसतं, तिथे '?.' काय करणार? एक काळजी घ्या: आतल्या थरात ईमेल हीच 'की' (फील्डचं नाव) असेल तर स्ट्रिंग टिंबावर तुटते. पाथ ॲरे म्हणून द्या.

कुरिअरवाल्यांचा एपीआय (त्यांच्या सर्व्हरकडून माहिती मिळवायची सोय) एक पार्सल असलं की ऑब्जेक्ट देतो, दोन असली की ॲरे. (कोणाच्या सुपीक डोक्यातून निघालं देव जाणे.) त्यापुढे 'गेट'चाही इलाज चालत नाही, पण लोडॅशचंच 'कास्टॲरे' (एकट्या ऑब्जेक्टचाही ॲरे करणारं फंक्शन) आधी लावलं की काम होतं.

नव्या प्रोजेक्टात लोडॅश का नको? आख्खं लोडॅश जीझिप करूनही (दाबून लहान करूनही) सुमारे 24 केबी भरतं. मग फक्त 'गेट'चं सुटं पॅकेज घेऊ म्हणाल, तर एनपीएमवर (जावास्क्रिप्ट पॅकेजेसचं भांडार) ते डेप्रिकेटेड आहे, म्हणजे यापुढे वापरू नका असा शेरा आहे, आणि '?.' वापरा असं तिथेच लिहिलंय.