सिम तेच, फोन नवा: पावसाळ्यापासून द्राक्षांच्या हंगामापर्यंत रेंजचा अनुभव

फोन घेताना लोक कॅमेरा बघतात, बॅटरी बघतात. मी या वेळी बँडची, म्हणजे फोन टॉवरशी ज्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांवर बोलतो त्यांची, यादी बघून फोन घेतला. नाशिकच्या एम. जी. रोडवरच्या दुकानदाराला ते काही पटलं नाही. "अहो दादा, फाईव्ह-जी म्हणजे फाईव्ह-जी, सगळे बँड येतात त्यात." येत नाहीत. म्हणूनच हे लिहितोय.

जुना ४जी फोन टाकला नव्हता. त्यात त्याच कंपनीचं दुसरं सिम घातलं आणि जमेल तिथे दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवून बघितले. मॉडेलचं नाव देत नाही. वर्षभरात मॉडेल बाजारातून जातं, बँड राहतात.

काड्यांवर विसंबू नका. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन कंपनी आपलं आपण ठरवते. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर *#*#४६३६#*#* डायल केलं की डीबीएममधला (सिग्नलची ताकद मोजायचं माप) खरा आकडा दिसतो. तो उणे असतो. उणे ८५ म्हणजे छान, उणे ११०च्या खाली गेला की रडगाणं सुरू. तीन डीबी उतरले की सिग्नल निम्मा, दहा उतरले की दहावा हिस्सा. आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये गॅलरीत उणे ८८ दिसतो, मधल्या खोलीत उणे १०८. म्हणजे सिग्नल शंभरावा हिस्सा उरला, आणि काडी कमी झाली एकच!

बाहेर ५जीबद्दल तक्रार नाही. कॉलेज रोडला, गंगापूर रोडला तीनशे-चारशे एमबीपीएस सहज मिळतो. हा वेग येतो ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातून, फोनच्या यादीत त्याला एन७८ म्हणतात. तिथे रस्ता रुंद आहे, जिओ आणि एअरटेलकडे प्रत्येकी १०० मेगाहर्ट्झच्या आसपास. पण फ्रिक्वेन्सी जेवढी वरची, तेवढी ती भिंतीत जास्त अडते. स्लॅब, विटा, काळ्या काचा, सगळीकडे थोडी थोडी गळते. ७०० मेगाहर्ट्झ याच्या उलट. लांब जातो, भिंतीतून आत शिरतो, पण वेगाला तोकडा. २०२२च्या लिलावात खासगी कंपन्यांपैकी एकट्या जिओने तो घेतला, आणि तोही प्रत्येक सर्कलमध्ये (टेलिकॉमचा विभाग, साधारण एका राज्याएवढा) १० मेगाहर्ट्झची जोडीच, म्हणजे डाउनलोडला १० आणि अपलोडला १०. त्यावर ५जीची खूण दिसते, वेग मात्र चांगल्या ४जीइतकाच वाटतो. "५जी आहे तरी स्लो का" याचं अर्धं उत्तर इथे आहे.

जुन्या नाशकात मामांचा वाडा आहे, हात-दीड हात जाडीच्या भिंती. माजघरात जुना फोन नुसता "इमर्जन्सी कॉल्स ओन्ली" दाखवत बसतो. नव्या फोनवर तिथेच ७००चा सिग्नल येतो, एन२८ नावाने. व्हिडिओ अडखळतो, पण कॉल होतो, यूपीआय होतं. मामी म्हणाल्या, "आता अंगणात जाऊन ओरडायला नको." एवढं माझ्यासाठी पुरे आहे.

बीएसएनएलवाल्यांनी हे जास्त लक्षात ठेवावं. त्यांचं ४जी ७०० आणि २१००वर आहे. बऱ्याच जुन्या ४जी फोनमध्ये बँड २८, म्हणजे हाच ७००चा पट्टा, नसतोच. टॉवर समोर दिसतोय आणि फोनला तो ७००वर ऐकूच येत नाही, असं होऊ शकतं. शिव्या कंपनीला बसतात.

आता फोनच्या आतली गोष्ट. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ४३ सेंटिमीटर, एन७८मधल्या ३५००ची साडेआठ. अँटेना साधारण पाव लांबीचा धरला तर एकाला दहा-अकरा सेंटिमीटर जागा हवी, दुसऱ्याला दोन. फोनच आहे सोळा सेंटिमीटरचा! म्हणून खालच्या बँडसाठी बहुतेक फोनमध्ये दोनच अँटेना असतात आणि एन७८साठी चार बसतात. म्हणून हाताची पकडही नडते. गिरणाऱ्याच्या मळ्यात फोन आडवा करून, दोन्ही टोकं तळव्यात घट्ट धरून गेम खेळणाऱ्या भाच्याचा आकडा मी बघितला: उणे १०१चा उणे १०९ झाला. फोन पाटीवर ठेवला की परत पहिल्यावर. कव्हर धातूचं असेल तर आधी ते काढून बघा.

मळ्यातच आणखी एक कळलं. डाउनलोड बरा चालतो, पण व्यापाऱ्याला घडांचे फोटो पाठवायला घेतले की गोल गोल फिरत राहतं. टॉवर कित्येक वॅटने बोलतो, फोनची कमाल ताकद बहुतेक ०.२ वॅट. त्याचं आपल्याला ऐकू येतं, आपलं त्याला जात नाही. त्यातही एन७८वर डाउनलोड आणि अपलोड एकाच पट्ट्यात वेळ वाटून घेतात, आणि बहुतेक वेळ डाउनलोडच्या वाट्याला जातो. मळ्यात मी ५जी बंद ठेवतो. फोटो लवकर जातात, बॅटरीही संध्याकाळपर्यंत टिकते.

बॅटरीवरून कसारा घाट. पंचवटी एक्सप्रेसमध्ये इगतपुरी सोडली की बोगदे सुरू, आणि फोन पूर्ण ताकदीने टॉवर शोधत राहतो. कल्याणपर्यंत फोन गरम. घाटात सरळ एअरप्लेन मोड.

सातपूरच्या आमच्या शेडमध्ये मात्र नवा फोनही हरला. चारही बाजूंनी पत्रा, वर पत्रा. लहरी आत येणार कुठून? दारात चांगला ५जी, लेथजवळ काही नाही. तिथे कामाला आलं वाय-फाय कॉलिंग: शेडमधल्या ब्रॉडबँडवरून साधा कॉल, समोरच्याला काही वेगळं करावं लागत नाही. पण ही सोय फोनमध्ये आणि सिमवर, दोन्हीकडे असावी लागते. जुन्या फोनमध्ये नव्हती.

गर्दीपुढे यातलं काही चालत नाही. तिसऱ्या श्रावणी सोमवारी त्र्यंबकला आकडा उणे ८०, अगदी उत्तम, आणि व्हॉट्सअॅपचं घड्याळ जागचं हलेना. सिग्नल भरपूर, पण एकाच टॉवरचा रुंद रस्ता ब्रह्मगिरीच्या फेरीला आलेल्या सगळ्यांत वाटलेला. नवा फोन दोन-तीन बँड एकदम जोडतो म्हणून अधूनमधून एखादा मेसेज निसटायचा, जुना एकावरच अडकून. फरक एवढाच. २०२७च्या सिंहस्थात रामकुंडावर काय होईल ते दिसतंच आहे. घरच्यांशी भेटायची जागा आधीच ठरवून ठेवा.

काही स्वस्त ५जी फोनमध्ये फक्त एसए असतं, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणारं ५जी. सिमची कंपनी तुमच्या भागात ४जीच्या जोडीने ५जी (एनएसए) देत असेल तर अशा फोनवर ५जी लागणारच नाही. खोक्यावर "५जी" छापलेलं असतं, हे छापलेलं नसतं. कंपनीच्या वेबसाइटवर स्पेसिफिकेशनमध्ये एन२८, एन७८, ४जीचे बँड १, ३, ५, ८, २८, ४०, आणि एसए, एनएसए दोन्ही आहेत का हे बघा. दुकानदार चिडला तर चिडू द्या.

या फोनची माझी तक्रार एकच. दुसऱ्या सिमवर कॉल चालू असताना पहिल्याचा डेटा बंद पडतो. पाच-सात हजार जास्त घातले असते तर बहुधा तेही टळलं असतं.