उद्यमनगरात घडलेली ‘खुकरी’ : युद्धनौकेच्या एका प्रतिकृतीचे परीक्षण

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका कारखान्याने आमच्या वाचनालयाच्या बालविभागासाठी ‘आयएनएस खुकरी’ या फ्रिगेटची, म्हणजे मध्यम आकाराच्या रक्षक युद्धनौकेची, १:१५० प्रमाणातील प्रतिकृती तयार करून दिली आहे. फाउंड्रीला, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याला, लागणारे लाकडी पॅटर्न (ज्यावरून साचा उमटवतात तो नमुना) आणि कोअर बॉक्स (ओतीव वस्तूच्या आतील पोकळीसाठीची साचापेटी) करणे हा या कारखान्याचा मूळ धंदा असून प्रतिकृतींची कामे ते हाताला सवड असेल तेव्हाच घेतात. शाळा, वाचनालये आणि माजी सैनिकांच्या संघटना अशी कामे करून घेण्याच्या विचारात असतात, पण ती कोणाकडे द्यावीत आणि हातात आल्यावर काय तपासून घ्यावे, हे सहसा कोणी लिहून ठेवत नाही. म्हणून हे सविस्तर परीक्षण. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. लाकडाचे आणि पितळेचे काम उत्कृष्ट आहे, रंगकाम साधारण आहे, सोबतची माहिती मात्र बरीच सदोष आहे, आणि नौकेच्या तळाशी एक अशी उणीव राहिली होती की ती भरून निघेपर्यंत ही प्रतिकृती मुलांपुढे ठेवणे मला योग्य वाटले नाही.

आपल्या जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. सैनिक टाकळीसारख्या गावांमुळे आणि मराठा लाइट इन्फंट्रीत गेलेल्या पिढ्यांमुळे भूदलाच्या लढाया इथल्या घरांत बोलल्या जातात, पण १९७१ च्या युद्धात अरबी समुद्रावर काय घडले हे विचारले तर बहुतेकांना कराचीवरचा हल्ला तेवढा आठवतो. तो हल्ला आठवलाच पाहिजे. परंतु ९ डिसेंबरच्या रात्री दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर पाकिस्तानी पाणबुडीच्या हल्ल्यात ‘खुकरी’ बुडाली आणि १८ अधिकारी व १७६ नौसैनिक प्राणास मुकले, हेही मुलांना कळले पाहिजे. स्वातंत्र्यानंतर युद्धात गमावलेली ही भारतीय नौदलाची पहिली युद्धनौका होय. बालविभागासाठी हीच नौका निवडण्याचे कारण ते होते.

मूळ नौकेची मापे समोर ठेवली म्हणजे कारागिरीची पारख सोपी जाते. ब्रिटनच्या आइल ऑफ वाइट बेटावरील काउझ येथे जे. सॅम्युएल व्हाइट या कंपनीने ही फ्रिगेट बांधली. १९५६ मध्ये तिचे जलावतरण झाले आणि १९५८ मध्ये ती भारतीय नौदलात दाखल झाली. ‘ब्लॅकवूड’ वर्गाच्या ज्या तीन नौका भारताने घेतल्या त्यांतील ही एक. ‘किरपाण’ आणि ‘कुठार’ या तिच्या दोघी बहिणी. लांबी सुमारे ९४.५ मीटर आणि रुंदी जेमतेम १० मीटर. प्रतिकृतीची लांबी त्यानुसार ६३ सेंटिमीटर यायला हवी आणि पट्टी लावून पाहिल्यावर ती तशीच आली. सागवानी बांधा पाण्याच्या रेषेजवळ ज्या बारकाईने निमुळता होत जातो, त्यात पॅटर्न करणाऱ्याचा हात स्पष्ट दिसतो. ओतीव धातू थंड होताना किती आकसतो याचा हिशेब धरून आयुष्यभर लाकूड तासलेल्या माणसाला अर्ध्या मिलिमीटरचे मोल सांगावे लागत नाही. पृष्ठभागावर कुठेही पॉलिश पेपरची खूण राहिलेली नाही आणि दोन फळ्यांचा सांधा बोटाला लागत नाही.

तळाशी पितळेचा एकच पंखा बसवला आहे, आणि तो एकच असणे बरोबर आहे. या वर्गाच्या नौकांना मुद्दाम एकच शाफ्ट, म्हणजे पंखा फिरवणारा दांडा, दिलेला होता. पाणबुड्यांपासून व्यापारी जहाजांच्या तांड्याचे रक्षण करायचे तर नौका संख्येने पुष्कळ हव्यात. पुष्कळ हव्यात तर त्या स्वस्तात आणि झटपट बांधता आल्या पाहिजेत, असा त्या रचनेमागचा विचार होता. म्हणून मोठ्या तोफा नाहीत, दुसरे इंजिन नाही, फक्त पाणबुडीविरोधी शस्त्र आणि ते वाहून नेण्याइतका बांधा. ही काटकसर प्रतिकृतीत दिसली नाही, तर पाहणाऱ्याला ही कोणतीही एक युद्धनौका वाटेल.

याच कारणाने अशा प्रतिकृतीची परीक्षा नेहमी मागच्या डेकवर करावी. बहुतेक लोक प्रथम तोफांकडे पाहतात, पण ‘खुकरी’च्या तीन बोफोर्स तोफा अवघ्या ४० मिलिमीटरच्या, विमानांपासून बचाव करण्यापुरत्या होत्या. तिचे खरे शस्त्र मागच्या भागात होते : ‘लिंबो’ जातीच्या दोन मॉर्टर, म्हणजे पाणबुडीवर बाँब फेकणाऱ्या आखूड तोफा, प्रत्येकीला तीन नळ्या. आराखडा टेबलावर पसरल्यावर मुख्य कारागिराने पहिला प्रश्न याच जागेवर बोट ठेवून विचारला, “सर, ह्या तीन-तीन नळ्या कशाला असत्यात?” मी जे माहीत होते ते सांगितले. सोनारने, म्हणजे आवाजावरून पाण्याखालचा शोध घेणाऱ्या यंत्राने, पाणबुडीची दिशा, अंतर आणि खोली टिपली की त्याप्रमाणे नळ्या वळतात, बाँबचे फ्यूज आपोआप लावले जातात, आणि सुमारे पावणेदोनशे किलोचा एकेक बाँब नौकेवरून उडून पाण्यात पडतो व ठरलेल्या खोलीवर फुटतो. बाँब भरताना नळ्या आडव्या होतात. हे ऐकून त्या कारागिराने नळ्या बसवायची पद्धतच बदलली. त्या ठोस न बसवता पितळेच्या बारीक आसावर बसवल्या, त्यामुळे आज त्या बोटाने आडव्या-उभ्या करता येतात. सुतळीइतकी जाड प्रत्येक नळी लेथवर वेगळी काढून आतून पोकळ केलेली आहे. आराखड्यात ही मागणी नव्हती आणि तिचे वेगळे पैसेही त्यांनी लावले नाहीत. संपूर्ण कामात मला सर्वाधिक आवडलेली गोष्ट हीच.

मुलांना नळ्या हलवून दाखवताना पुढची गोष्ट सांगणेही सोपे जाते. या मॉर्टरचा पल्ला जास्तीत जास्त ९०० मीटरच्या आसपास. म्हणजे पाणबुडीच्या इतके जवळ पोहोचल्याखेरीज ‘खुकरी’ला वार करता येत नव्हता. समोर होती ‘हंगोर’, फ्रान्समध्ये बांधलेली, त्या काळी नवी कोरी असलेली दाफ्ने वर्गाची पाकिस्तानी पाणबुडी. तिचे टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून धावणारे स्फोटक अस्त्र, कितीतरी अधिक अंतरावरून सुटून स्वतः लक्ष्याचा माग काढणारे होते. तिच्या सोनारची ऐकण्याची कक्षाही ‘खुकरी’पेक्षा मोठी होती. शिवाय उष्ण समुद्रात पाण्याच्या थरांचे तापमान बदलते तसा आवाज वाकतो आणि वरून शोधणाऱ्या सोनारची पोहोच आणखी घटते. शिकारीसाठी निघालेली नौकाच अशा रीतीने आधी ऐकली गेली.

आता त्या गंभीर उणिवेकडे येतो. प्रतिकृती आली तेव्हा तळाशी सोनारचा घुमट, म्हणजे ते यंत्र ज्यात बसवतात तो उंचवटा, नव्हताच. आराखड्यात तो होता. परंतु स्टँडचा पुढचा टेकू त्याच जागी येत असल्याने कारागिरांनी तो सरळ वगळला. पॅटर्नच्या व्यवसायात अडचणीचा उंचवटा काढून टाकणे हा रोजचा शहाणपणा असेल, पण या नौकेचे सारे युद्ध त्या उंचवट्याभोवती घडले. पाणबुडीच्या बिनतारी संदेशांवरून तिचा अंदाज लागल्यावर ‘खुकरी’ आणि ‘किरपाण’ ८ डिसेंबरला मुंबईहून निघाल्या. सोनारची पोहोच वाढवण्यासाठी तयार केलेल्या एका उपकरणाची चाचणी ‘खुकरी’वर चालू होती आणि लेफ्टनंट व्ही. के. जैन त्यासाठी नौकेवर होते. ऐकू नीट यावे म्हणून वेग कमी ठेवणे आले, आणि वेग कमी म्हणजे टॉर्पेडोला सोपे लक्ष्य. ही निवड किती योग्य होती यावर नौदलात पुढे बरीच चर्चा झाली. पण ज्यांनी ती केली ते पाणबुडी शोधण्याचे आपले काम करत होते, हे विसरता येत नाही. सोनारचा घुमट वगळलेली ‘खुकरी’ म्हणजे या सगळ्या गोष्टीचे कारणच वगळणे होय. हे समजावून सांगितल्यावर कारखान्याने वाद न घालता टेकू मागे सरकवला आणि घुमट बसवून दिला. नवीन जागेचे लाकूड थोडे फिकट दिसते, पण तळ रंगवल्यामुळे ते डोळ्यांत भरत नाही.

तोफा मात्र प्रमाणापेक्षा जाड झाल्या आहेत. इतक्या लहान मापात नळी बारीक काढली तर ती पुसताना वाकते, असे कारण देण्यात आले आणि ते पटण्यासारखे आहे. तरीही त्यामुळे नौका होती त्यापेक्षा अधिक सशस्त्र वाटते. कठड्यांच्या तारा हुपरीच्या एका चांदी कारागिराकडून ओढून आणलेल्या असून त्या अप्रतिम आहेत. रंग राखाडी आहे, पण त्यावर मोटारीला देतात तसा चकचकीत लॅकर मारला आहे. दिव्याखाली तो इतका चमकतो की बाजूवरचा एफ १४९ हा क्रमांक काही कोनांतून वाचता येत नाही. मॅट रंग मागायचा हे ऑर्डर देतानाच लिहून द्यावे.

सोबत दिलेले माहितीपत्रक बदलूनच घ्यावे लागले. त्यावर छापलेले छायाचित्र मुळात या नौकेचे नव्हते; ते १९८९ मध्ये नौदलात आलेल्या, माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या दुसऱ्या ‘खुकरी’चे होते. ती क्षेपणास्त्रवाहू कॉर्व्हेट, म्हणजे फ्रिगेटहून लहान वर्गातील युद्धनौका. तिचा क्रमांक पी ४९. २०२१ च्या अखेरीस ती सेवानिवृत्त झाली आणि आता दीवला संग्रहालय म्हणून ठेवलेली आहे. नाव एकच असल्याने इंटरनेटवर ही गफलत सतत होते, परंतु स्मारकासाठी केलेल्या वस्तूत ती चालणार नाही.

मजकुरातही भर घालावी लागली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्याविषयी पत्रकात आदराने लिहिलेले होते, आणि ते तसेच ठेवले. आपले लाइफ जॅकेट एका खलाशाला देऊन, माणसांना समुद्रात उतरवत ते स्वतः नौकेसोबत गेले, असे वाचलेल्यांनी सांगितले आहे; त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. पण त्यांच्यापाशीच पत्रक संपत होते. ‘हंगोर’चा पहिला टॉर्पेडो ‘किरपाण’च्या दिशेने गेला आणि फुटला नाही, दुसरा ‘खुकरी’ला लागला आणि काही मिनिटांतच ती बुडाली, याचा उल्लेख नव्हता. दुसऱ्या दिवशी ‘कच्छल’ आणि ‘किरपाण’ यांनी ६७ जणांना पाण्यातून वर घेतले, तेही नव्हते. ही ‘कच्छल’ म्हणजे ४ डिसेंबरच्या रात्री कराचीवर चालून गेलेल्या ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या क्षेपणास्त्र नौकांना सोबत करणाऱ्या दोन नौकांपैकी एक. एकाच आठवड्यात हल्ल्याला सोबत आणि मग बुडणाऱ्यांची सुटका, ही दोन्ही कामे एका रक्षक नौकेच्या वाट्याला आली, हे मुलांना सांगण्यासारखे आहे. सुधारित मजकूर आम्ही दिला आणि त्यांनी तो पितळी पट्टीवर कोरून दिला. अक्षरे ठसठशीत असून मराठी शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

काम ठरल्या वेळेपेक्षा उशिरा मिळाले. दिवाळीच्या आधी देण्याचा शब्द होता, पण फाउंड्रीची तातडीची कामे आली की प्रतिकृतीचे काम बाजूला पडते, हे गृहीत धरूनच ऑर्डर द्यावी लागते. फोन केला तर उत्तर सरळ मिळते, खोटी तारीख दिली जात नाही. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. किंमत ३८,००० रुपये झाली. एवढ्या हातकामासाठी ती रास्त आहे. पुण्या-मुंबईत यापेक्षा कमी दरात प्लॅस्टिकची नौका मिळेल, पण मॉर्टरच्या नळ्या हलवून दाखवता येतील अशी मिळणार नाही.

मी हे काम इतरांना सुचवीन, मात्र आराखडा स्वतः नीट तपासून द्यावा, तळाचा भाग पाहिल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये आणि छायाचित्र आपणच पुरवावे. कोल्हापूरच्या पावसाळ्यात सागवान फुगून सांधे उघडण्याची शक्यता असते, त्यामुळे काचेची पेटी हवाबंद करून आत सिलिका जेलची पाकिटे ठेवावीत व ती दरवर्षी मृगापूर्वी बदलावीत. पेटी हा कारखाना करत नाही. ती लक्ष्मीपुरीतून वेगळी करून घ्यावी लागते आणि तिचा खर्च वरच्या किमतीत धरलेला नाही.