चेटकिणीची जाडजूड कादंबरी: पावसाळ्यात घेतली, थंडीत सोडून दिली

शेवटी परवा सोडली. पाचशेच्या वर पानं, त्यातली साडेतीनशे वाचून झाली होती. त्या पानावर न्यायाधीश नायिकेला सांगतो की तुला खांबाला बांधून जिवंत जाळण्यात येईल. तिथे मी पुस्तक मिटलं, आणि आता ते उघडणार नाही.

गोष्ट सगळ्यांना माहीतच आहे. सतराव्या शतकातलं लँकेशर, दलदलीकाठचा वाडा, विधवा मालकीण, औषधी पाल्याची जाण असलेली तरुण दाई आणि तिच्यावर येणारा चेटकाचा आळ. नाव मुद्दाम देत नाही. मुखपृष्ठावरचा कावळा आठवत असेल तर पुस्तक कळलंच असेल.

आधी पैशांचं सांगते. ८९९ रुपये छापील किंमत, अप्पा बळवंत चौकात थोडी सूट मिळाली. एवढ्या किमतीच्या पुस्तकाची बांधणी निव्वळ डिंकावर, शिलाई नाहीच. ऑगस्टच्या दमट हवेत मधली पानं सुटायला लागली. मेट्रोत वनाझहून बसलं की गुडघ्यावर पुस्तक आणि एका हातात सुटी पानं, असा प्रवास. दुकानात परत घेऊन गेले तर काका म्हणाले, "ताई, वाचलेलं पुस्तक कसं परत घेणार? फेव्हिकॉल लावा, दाबून ठेवा." मी म्हटलं, "काका, वाचल्याशिवाय पानं सुटतात हे कळणार कसं?" त्यावर त्यांनी प्रकाशकाचा ईमेल लिहून दिला. त्या ईमेलला आजवर उत्तर नाही. अक्षर बारीक, कागद पिवळट, वजन मात्र भरपूर.

पहिली शंभर पानं नुसतं धुकं आहे. धुकं दारात येतं, धुकं जिन्यावर चढतं, धुकं मालकिणीच्या डोळ्यांत उतरतं. बिजागरं कुरकुरतात, आरशाला तडा जातो. काही घडत मात्र नाही. गणपतीच्या आधीच मी ती कपाटात टाकली होती.

दिवाळीनंतर पुन्हा काढली आणि मत बदललं. लोण्याचं प्रकरण लागलं. मोलकरीण सकाळपासून साय घुसळते आहे, हात भरून आलेत, रवीला नुसता फेस लागतोय, लोणी काही सुटत नाही. मालकिणीला आठवतं की काल एक म्हातारी ताक मागायला आली होती आणि तिला दारातून हाकललं होतं. चुलीत लोखंडी सळई लालबुंद तापवून ती घुसळणीत बुडवतात, म्हणजे चेटकिणीला चटका बसेल. साय चर्र करते, जळका वास सुटतो. संध्याकाळपर्यंत म्हातारीच्या हातावर भाजल्याची खूण आहे का, हे बघायला माणसं निघतात. सात-आठ पानांत एक बाई चेटकीण ठरते, आणि तिने केलेलं असतं काय तर ताक मागितलेलं. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, गार पाणी नाही का घातलं त्यांनी?" साय फार कोमट किंवा फार गार असली की लोणी येत नाही, एवढाच मामला. त्या रात्री मी बऱ्याच जणींना ही कादंबरी घ्या म्हणून मेसेज केले. ते प्रकरण आजही मला उत्तमच वाटतं.

पण पुढच्या प्रकरणापासून ती म्हातारी गायब. पुन्हा वाडा, पुन्हा धुकं, शंभर पानं. आणि मग ते जाळणं.

इंग्लंडच्या कायद्यात चेटकाला फाशी होती. जाळत ते स्कॉटलंडमध्ये, आणि तिथेही बहुतेकदा आधी गळा आवळून. इंग्लंडमध्ये बाईला जाळत ते नवऱ्याच्या खुनासाठी, कारण तो राजद्रोहाचाच धाकटा प्रकार मानला जाई. १६४५ मध्ये इप्सविचला मेरी लेकलंडला जाळलं, ते चेटकाने नवरा मारला असा ठपका होता म्हणून. आपल्या नायिकेचं तर लग्नच झालेलं नाही! काल्पनिक गोष्टीत एवढं चालायचंच, असं मैत्रीण म्हणते. मला ते पटत नाही. लेखिका मुद्दाम लँकेशर निवडते, मनोगतात जुन्या खटल्यांचे आभार मानते, आणि शिक्षेच्या वेळी सिनेमात शोभेल अशी आग लावते.

त्या लँकेशरमध्ये खरं काय घडलं? मार्च १६१२ मध्ये अ‍ॅलिझन डिव्हाइस नावाच्या मुलीने रस्त्यात एका फेरीवाल्याकडे टाचण्या मागितल्या. त्याने गाठोडं सोडायला नकार दिला, थोडं पुढे गेला आणि कोसळला. आज आपण त्याला पक्षाघात म्हणू. मुलीलाच वाटलं की हे आपल्यामुळे झालं, आणि तिने त्याची माफी मागितली. तिथून जबान्या सुरू झाल्या. तिची आंधळी, ऐंशीच्या घरातली आजी खटल्याआधीच तुरुंगात मेली. ऑगस्टमध्ये लँकेस्टरच्या कोर्टात अ‍ॅलिझनची नऊएक वर्षांची बहीण जेनेट हिला टेबलावर उभं केलं. आई तिच्यावर ओरडायला लागली, तेव्हा आईला बाहेर नेलं आणि मुलीने आपल्याच घरच्यांविरुद्ध साक्ष दिली. कोर्टाचा कारकून थॉमस पॉट्स याने हे सगळं लिहून १६१३ मध्ये छापलं. यात धुकं नाही, कावळा नाही. शपथ, जबानी, सही आणि दोर आहे. माझी झोप उडाली ती हे वाचून.

लँकेस्टरच्या त्या खटल्यांत दहा जणांना फाशी दिलं, ती तारीख २० ऑगस्ट १६१२. पुण्यात राहणाऱ्या माणसाला ही तारीख वाचून काय वाटेल ते वेगळं सांगायला नको. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. जादूटोणाविरोधी कायदा त्याच डिसेंबरमध्ये मंजूर झाला. मंत्रतंत्राने जनावराचं दूध कमी करते, असा कुणाबद्दल समज पसरवणं हा त्या कायद्याच्या अनुसूचीत गुन्हा आहे. तिकडे लोणी, इकडे दूध. नंदुरबारकडे सातपुड्यात बाईला डाकीण ठरवून मारहाण झाल्याच्या बातम्या आपण आपल्याच काळात वाचल्या आहेत. चेटकीण हा विषय आपल्याला नुसता वातावरणनिर्मितीसाठी वापरता येत नाही. म्हणून माझा राग आहे, आणि तो पुस्तकाच्या योग्यतेपेक्षा जास्त असला तरी असू दे.

घ्यायची का? ८९९ला नको, आणि निम्म्या किमतीतही नको. लायब्ररीत दिसली तर लोण्याचं प्रकरण, अकरावं, तेवढं वाचा. पॉट्सचा वृत्तांत इंटरनेटवर फुकट आहे. स्पेलिंग चारशे वर्षांपूर्वीचं असल्याने सुरुवातीला अडखळायला होतं, पण थोड्या पानांत नजर बसते. माझी प्रत कुणाला हवी असेल तर पानं क्रमाने लावून देईन, पैसे नकोत.